पासंग

तुर्भ्याच्या मसाला मार्केटात मी मापाडी.
एकतीस वर्षं. धने, जिरं, बडीशेप, तमालपत्र.
पोत्याला हात लावला की कळतं
आत माल किती, माती किती.
म्हणून हवालदार खरमाटे पंच म्हणून मलाच बोलावतात.
काटा घेऊन ये, म्हणाले. चार्ज करून आण.

चौकीत जितेश मढवी, ऐरोलीच्या दिवा गावातला,
बावीस वर्षांचा, पायात एकच चप्पल.
टेबलावर साडीच्या दुकानाची हिरवी पिशवी.
वास मला ओलसर कसुरी मेथीसारखा आला
आणि तसा आला म्हणून लाज वाटली.

पिशवीसकट ठेवलं. एक किलो चाळीस ग्रॅम.
साहेब, पिशवी वजा करायची राहिली.
तू पंच आहेस, वकील नाहीस.
तरी केली वजा. माणूस वाईट नाही.
एक किलो सहा.

किलोच्या आत असतं तर वर्षभर,
वर गेलं की दहापर्यंत,
हे चहा पिताना सांगितलं त्यांनी.
तोवर माझी सही वाळली होती.

माल पसरताना बोटांना बी लागलं होतं,
राखाडी, मोहरीहून थोडं जाड.
चाळणीने तीस-चाळीस ग्रॅम सहज निघालं असतं.
रात्री आश्लेषाला विचारलं, ती वकिली शिकते ठाण्यात.
सुटं बी धरत नाहीत बाबा, सुटं पानही नाही.
शेंड्यासोबत असेल तर धरतात. त्यावर वाद चालतात.
मग ते सुटं होतं की सोबत?
आता पिशवीत सगळं सोबतच असतं, म्हटलं.

रविवारी कोपरखैरण्यात सोसायटीची मीटिंग
पाण्याच्या टाकीसाठी भरली, गेली गांजावर.
दारूला परवाना, मग याला का नको?
सरकारला कर मिळेल, टाकी होईल एखादी.
उपासनी म्हणाले, शिवरात्रीला मी भांग घेतो, ती काय वेगळ्या झाडाची?
सकपाळ वहिनी उठल्या.
त्यांचा कौस्तुभ तिसऱ्यांदा केंद्रात आहे,
भरलेला सिलेंडर विकला होता त्याने.
उघडा खुशाल दुकानं, रांगेत पहिला तोच असेल.
आश्लेषा म्हणाली, आता तरी कुठे मागे आहे, वहिनी?
बोलायला नको होतं तिने.
खोटंही नव्हतं.
वहिनी खुर्ची घडी करून घेऊन गेल्या, स्वतःची.

मला विचारलं, तुमचं मत काय?
मापाड्याला मत नसतं, काटा असतो.
हसले सगळे. मीही.

सोमवारी गाळ्यावर सहा ग्रॅम मोजून पाहिले.
लवंगा, सत्तर-बहात्तर.
वेलदोडे चोवीस, एक किडका.
खसखस दोन चमचे; हिला आपण अनारशावर थापतो,
हिच्या बोंडाचा चीक सापडला तर बेड्या.
गिऱ्हाईक सहा ग्रॅमवर कधी भांडत नाही.
पासंगालाही पुरत नाहीत सहा ग्रॅम.

बापाच्या तागडीला पासंग होता,
एका पारड्याखाली सुतळीने बांधलेला खडा.
माल नंतर तोल, म्हणायचा,
आधी रिकामा काटा सरळ उभा राहतो का बघ.
तो खडा कुठे गेला, आठवत नाही.
या काट्याला बटण आहे. दाबलं की शून्य.

ठाण्याच्या कोर्टाचं समन्स आलंय, सोळा तारखेचं.
सव्वा वर्ष झालं, जामीन नाही.
विचारतील, सही तुमचीच? माझीच.
काटा बरोबर होता? बरोबर होता.
तेवढं विचारून सोडतील.
मी इस्त्रीचा शर्ट काढून ठेवलाय,
खाली जिऱ्याची बारीक चाळण.
ती आत नेऊ देतात का,
पोरीला विचारायचं राहिलंय.